विश्लेषण : घरगुती चित्रीकरण करणारे ‘कोडाक्रोम’च्या प्रेमात का पडले?

तीन मिनिटे वीस सेकंद. ‘सुपर ८’ कॅमेऱ्याच्या एका कार्ट्रिजमध्ये नेहमीच्या वेगाने एवढेच चित्रीकरण मावत असे. मुलाचा वाढदिवस असो की समुद्रकिनाऱ्यावरची सहल, जे टिपायचे ते एवढ्या वेळातच. मग फिल्म धुवायला पाठवायची आणि ती परत येण्याची वाट पाहायची. इतका खटाटोप असूनही अमेरिका-युरोपातील हजारो हौशी मंडळींनी दशकानुदशके एकाच फिल्मवर जीव लावला. ती फिल्म म्हणजे कोडाक्रोम. ती बंद पडून पंधरा वर्षे उलटली, तरी तिच्या नावाने उसासे टाकणारे आहेत. हे निव्वळ जुन्या आठवणींचे उमाळे नाहीत. या प्रेमाला ठोस तांत्रिक कारणे आहेत आणि फोनवर रोज व्हिडीओ काढणाऱ्या पिढीसाठी त्यात एक इशाराही आहे.

कोडाक्रोम म्हणजे नेमके काय?

‘कोडॅक’ने ही फिल्म १९३५ मध्ये बाजारात आणली. विशेष म्हणजे ती आधी आली ती छायाचित्रांसाठी नव्हे, तर १६ मिलिमीटरच्या सिने-कॅमेऱ्यांसाठी. पुढच्याच वर्षी ८ मिलिमीटरची आणि छायाचित्रांसाठी ३५ मिलिमीटरची आवृत्ती आली. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्हस्की हे तिचे जनक. दोघेही पेशाने वादक. एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन.

या फिल्मवर निगेटिव्ह तयार होत नाही. कॅमेऱ्यात गेलेली पट्टीच धुऊन थेट प्रोजेक्टरवर चढवायची. म्हणजे घरात जे रीळ असते तेच मूळ आणि बहुतेकदा तीच एकमेव प्रत.

तिचे रंग इतके वेगळे का?

बहुतेक रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी रसायने थरातच मिसळलेली असतात. कोडाक्रोमचे थर मात्र मुळात कृष्णधवल फिल्मसारखे. रंग नंतर, फिल्म धुताना, एकेका थरात स्वतंत्रपणे उतरवला जाई. त्यामुळे थर पातळ राहत आणि चित्र रेखीव येई. सुपर ८ ची एक चौकट जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असते. ती भिंतीवरच्या पडद्यावर ताणली की प्रत्येक दाणा दिसतो. अशा वेळी हा रेखीवपणा चैन नसून गरज ठरते.

दुसरे कारण टिकाऊपणाचे. १९५० ते ७० च्या दशकांतील अनेक रंगीत चित्रपटांच्या प्रिंट आज लालसर-गुलाबी पडलेल्या दिसतात, कारण त्यातील इतर रंग उडून गेले. त्याच काळातील कोडाक्रोमचे रीळ अंधारात नीट ठेवलेले असेल, तर त्यातला लाल स्वेटर आजही लालच दिसतो. छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे अभ्यासक हेन्री विल्हेल्म यांच्या अंदाजानुसार, अंधारात ठेवल्यास या फिल्ममधील पिवळा रंग २० टक्के उतरायला सुमारे १८५ वर्षे लागतील. अर्थात तीही निर्दोष नव्हती. पहिल्या तीन वर्षांतील फिल्मचे रंग लवकर विटले आणि प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे वारंवार धरल्यास तिचे रंग इतर काही फिल्मपेक्षा लवकर उतरतात.

प्रेमाचे खरे कारण मर्यादेत?

सुपर ८ ची ‘कोडाक्रोम ४०’ अतिशय मंद फिल्म होती. दिव्याच्या प्रकाशात तिची संवेदनक्षमता ४०, तर उन्हात फिल्टर लावून २५. साध्या दिव्यात घरातले चित्रीकरण काळवंडायचे. म्हणून लोक कॅमेरा घेऊन बाहेर पडत, अंगणात, बागेत, किनाऱ्यावर. त्या पिढीचे बालपण पडद्यावर कायम उन्हात न्हालेले दिसते, त्यामागे फिल्मची ही अडचणही आहे.

शिवाय फिल्म महाग आणि वेळ मोजका. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार व्हायचा. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचे २२ नोव्हेंबर १९६३ चे प्रसिद्ध चित्रीकरण एका हौशी माणसानेच केले. अब्राहम झाप्रुडर यांच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यात कोडाक्रोमच होती. २७ सेकंदांहून कमी लांबीची ती पट्टी इतिहासाचा दस्तऐवज ठरली.

मग ती बंद का पडली?

जे बलस्थान, तेच दुखणे ठरले. कोडाक्रोम धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट की घरी किंवा गल्लीतल्या स्टुडिओत ती शक्यच नव्हती. मोजक्या प्रयोगशाळांवर सारा डोलारा उभा होता. व्हिडीओ कॅमेरे आणि पुढे डिजिटल आल्यावर ग्राहक घटले, तशा प्रयोगशाळा मिटत गेल्या. सुपर ८ ची कोडाक्रोम २००५ मध्ये थांबली. छायाचित्रांची फिल्म २००९ मध्ये बंद करताना कंपनीच्या फिल्म विक्रीत तिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी उरला होता.

कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. त्यातील काही चौकटी त्यांनी भारतात खर्च केल्या. अमिताभ बच्चन आणि आमिर खान त्यात आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची प्रयोगशाळा ही जगातली शेवटची. डिसेंबर २०१० अखेर तिने रोल स्वीकारणे थांबवले. आता कुणाच्या कपाटात न धुतलेली कोडाक्रोम सापडली, तर तिच्यातून कृष्णधवल चित्र तेवढे निघू शकते. रंग कायमचे गेले.

फोनवाल्यांनी यातून काय घ्यावे?

आज फोनमध्ये ‘कोडाक्रोम’सारखे दिसणारे फिल्टर आहेत. त्यातून रंगछटा मिळते, आयुष्य मिळत नाही. कोडाक्रोमचे धुतलेले रीळ पाहायला कंपनी जिवंत असण्याची गरज नाही. पट्टी उजेडासमोर धरली तरी आजोबा ओळखू येतात. फोनमधला व्हिडीओ मात्र पासवर्ड, खाते, भाडे भरलेली साठवण आणि चालू असलेले ॲप यांच्या भरवशावर असतो. साखळीतली एक कडी तुटली की सगळेच हाताबाहेर.

याचा अर्थ फिल्मकडे परत जा, असा नाही. एका कार्ट्रिजच्या पैशात आज शेकडो तास साठवता येतात आणि सामान्य घराला तेच परवडते. पण निवड आणि जपणूक ही दोन कामे फिल्म आपोआप करवून घेत असे, ती आता स्वतः करावी लागतील. वर्षातून एकदा दहा-बारा चांगले व्हिडीओ निवडणे, नावे आणि तारखा लिहिणे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवणे, एवढे पुरेसे आहे.

आणि माळ्यावर जुने रीळ असेल, तर ते भंगारात देऊ नये. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे असे समजावे आणि लवकर स्कॅन करून घ्यावे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा धोका जास्त. स्कॅन झाल्यावरही मूळ रीळ कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. कदाचित हार्ड डिस्क बंद पडेल त्या दिवशीही ते शाबूत असेल.