पिकअपला रुंद टायर बसवताय? आधी हा हिशोब वाचा!

चारोटी नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिलात तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. चिकूचे क्रेट, मासळीचे खोके, विटा किंवा भाजीपाला घेऊन जाणाऱ्या पिकअपपैकी काहींचे टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतात. गाडी रुबाबदार दिसते, हे खरे. मालकांकडून कारणेही ऐकायला मिळतात : पकड वाढते, माल जास्त उचलतो, पावसात घसरत नाही. यातले किती खरे?

डहाणू-तलासरीतल्या बहुतेक पिकअपचे आयुष्य डांबरावर आणि काँक्रीटवर जाते. वाडीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा कच्चा तुकडा सोडला, की पुढे राष्ट्रीय महामार्ग 48, मग आच्छाडची सीमा ओलांडून भिलाड-वापी किंवा उलट दिशेला मनोर-वसई. अशा गाडीला कंपनीच्या मापापेक्षा रुंद आणि मोठे टायर बसवणे हा तोट्याचा सौदा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पकड खरंच वाढते का?

टायर गाडीचे वजन पेलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. एका चाकावर 700 किलो भार आणि 50 पौंड हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने 31 चौरस इंच रबर रस्त्याला टेकते. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. फक्त त्याचा आकार बदलतो. आधी लांबट असलेला ठसा आता आखूड आणि आडवा होतो. कोरड्या रस्त्यावर वळणावर थोडा फायदा मिळू शकतो, पण तो माल वाहणाऱ्या गाडीच्या कामाचा नाही.

पावसात तर उलटेच घडते. टायरला समोरचे पाणी बाजूला सारून रस्ता पकडायचा असतो. ठसा जितका रुंद, तितके जास्त पाणी सारावे लागते. ते जमले नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग, ब्रेक दोन्ही हातचे जातात. हवा कमी आणि टायर गोटा झालेला असेल, तर हे आणखी कमी वेगात घडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो, हे वेगळे सांगायला नको.

मीटर खोटं बोलू लागतो

समजा, गाडीचे मूळ टायर 215/75 आर 15 मापाचे आहेत. त्यांचा व्यास साधारण 703 मिलिमीटर. त्या जागी 235/75 आर 15 बसवले तर व्यास 733 होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. 265/75 आर 15 बसवले तर 778, म्हणजे साडेदहा टक्क्यांहून जास्त.

मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतो. त्यामुळे :

- काटा 80 दाखवतो तेव्हा खरा वेग पहिल्या बदलात 83 आणि दुसऱ्यात 88 च्या पुढे असतो. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीची कमाल मर्यादा 80 आहे. स्पीड कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.
- खरे 100 किलोमीटर चालल्यावर मीटरवर 96 किंवा 90 च पडतात. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याचे थेट नुकसान. ऑइल बदलायलाही उशीर होतो.
- मोठ्या चाकामुळे गिअरचे गणित बिघडते. भरलेली गाडी चढावर उचलत नाही, क्लच जास्त घासतो, डिझेल जास्त लागते.

त्यात बाहेर निघालेल्या रिममुळे चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. मडगार्डबाहेरच्या टायरने उडवलेला खडा मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातो, तो वेगळाच.

रुंद म्हणजे मजबूत नव्हे

सर्वात धोकादायक गैरसमज हाच. टायर किती भार पेलतो, हे त्याच्या बाजूवर लिहिलेला भारांक सांगतो. 105 म्हणजे 925 किलो, 112 म्हणजे 1120 किलो. एसयूव्हीसाठी बनवलेला रुंद, दिखाऊ टायर 105 चा असू शकतो आणि मालवाहू गाडीचा अरुंद, जास्त प्लायचा टायर 112 चा. म्हणजे जास्त पैसे मोजून तुम्ही कमी ताकदीचा टायर घेता. मग वर टनभर माल, मे महिन्याचे ऊन, तापलेले काँक्रीट आणि कमी हवा. टायर फुटायला आणखी काय हवे? आणि आपल्या भागात पिकअपच्या हौद्यात अनेकदा फक्त माल नसतो. कामावर जाणारे मजूर असतात, वऱ्हाडही असते. मालवाहू गाडीत अशी माणसे भरणे बेकायदा आहे, तरी ती बसतात. फुटलेल्या टायरची किंमत आधी तीच मोजतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पासिंगच्या दिवशी जुने टायर चढवून वेळ मारून नेता येईल. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, तेव्हा गाडीवर असतात ते रुंदच टायर. दाव्यावर वाद घालायला त्यांना आयते कारण मिळते.

मग करायचं काय?

1. चालकाच्या दाराजवळची पट्टी किंवा मॅन्युअल पाहा. कंपनीने दिलेले माप किंवा तिने मान्य केलेला पर्यायच घ्या.
2. दुकानात रुंदी विचारण्याआधी भारांक आणि प्लाय विचारा. ते मूळ टायरपेक्षा कमी नकोत.
3. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी असते.
4. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. पावसाळ्यासाठी त्याआधीच बदललेला बरा.

वाडीतल्या चिखलात गाडी रुतते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय त्याच मापात, खोल नक्षीचा टायर. चिखलात अरुंद टायर पुष्कळदा वरचा थर कापून खालची घट्ट जमीन गाठतो, हेही लक्षात ठेवा.

पिकअप ही अनेक घरांची रोजीरोटी आहे आणि बऱ्याच गाड्यांचे हप्ते अजून सुरू आहेत. टायरवर जास्तीचे पैसे घालायचेच असतील, तर त्याच मापाच्या चांगल्या टायरवर आणि नव्या स्टेपनीवर घाला. रुबाब चारोटी नाक्यापुरता असतो, भरलेली गाडी थांबवावी लागते ती पुढच्या वळणावर.