विश्लेषण : ताप उतरला, पण हिवताप गेला का?

थंडी वाजून ताप आला, गोळी घेतली, दोन दिवसांत बरे वाटले आणि उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात काय किंवा लातूर शहरात काय, हिवतापाच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते. या आजाराची खरी लढाई रक्तातल्या पेशींमध्ये चालते आणि ताप उतरला तरी ती संपलेली नसते.

शरीरात नेमके काय घडते?

ॲनोफिलिस डासाची मादी चावली की परजीवी आधी यकृतात जातो. तिथे वाढून तो तांबड्या पेशींत शिरतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. त्यामुळे ‘माझ्यात शत्रू आहे’ अशी खूण ती मारक टी पेशींना दाखवू शकत नाही. ठरावीक तासांनी या पेशी फुटतात, रोगप्रतिकारक पेशी दाहक रसायने सोडतात आणि हुडहुडी भरते.

पहारेकरी का थकतात?

प्लीहा म्हणजे पानथरी. ती बाधित पेशी गाळते, म्हणूनच हिवतापात ती सुजते. तिथल्या भक्षक पेशी परजीवी गिळतात, पण त्यासोबत त्याने मागे टाकलेले काळसर रंगद्रव्यही गिळतात. ते पचत नाही. अशा पेशींची कामाची ताकद घटते. वारंवार लागण झाली तर टी पेशीही शिथिल होतात. लहान मुलांना अशा वेळी इतर जिवाणूंचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका वाढतो.

एकदा झाला की पुन्हा होत नाही का?

होतो. फॅल्सिपेरम जातीकडे आपले बाह्य रूप बदलणारी सुमारे ६० जनुके असतात. एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत ती दुसरे रूप घेते. व्हायवॅक्स जात यकृतात झोपून राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठते. तिच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत.

लस आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची शिफारस केली. दुसरी ‘आर २१’ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. मात्र दोन्ही लशी फॅल्सिपेरमविरुद्ध, मुलांसाठी आहेत. व्हायवॅक्सवर त्यांचा भर नाही.

मग करायचे काय?

डासाच्या पोटात हा परजीवी रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सापडला. नांदेड आणि आजचा लातूर भाग तेव्हा त्याच निजाम राज्यात होता. सव्वाशे वर्षांनंतरही धडा तोच आहे: डास रोखा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाणी साठवू नका, असे सांगून भागणार नाही. ते झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा टाक्या-रांजण घासून कोरडे करा, एवढे सांगता येते. नियमित पाणीपुरवठा ही मात्र पालिकेची जबाबदारी आहे, कारण शहरी हिवताप पसरवणारा डास स्वच्छ साठवणीतच वाढतो.

देशाने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर तांड्या-पाड्यांवर रक्ततपासणी वेळेत पोहोचली पाहिजे. आणि घराघरात गोळ्यांचे पाकीट शेवटपर्यंत रिकामे झाले पाहिजे.