काळ्या पडद्याला कॅशेचा उतारा

ब्राउझरचं अपडेट येतं आणि काल सुरळीत चाललेला व्हिडिओ आज चालत नाही. आवाज येतो, पडदा काळा. नाहीतर चित्र अडखळतं आणि मशीनचा पंखा घोंघावतो. मदत मागावी तर ठरलेलं उत्तर मिळतं: कॅशे साफ करा, कुकीज काढा, मशीन बंद करून चालू करा. मला या उत्तराची चीड आहे. बदललं कंपनीचं सॉफ्टवेअर आणि झाडाझडती आमची! कांद्यावर निर्यातबंदी लादून भाव पाडायचा आणि घोडेगावच्या मार्केटात गोण्या उतरवणाऱ्या शेतकऱ्याला ‘माल निवडून आणत जा’ म्हणून सुनवायचं, त्यातलीच ही गत.

काळ्या पडद्याचं कारण बहुतेकदा कॅशेत नसतंच. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. तो उलगडायचं काम ब्राउझर ड्रायव्हरमार्फत, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, ग्राफिक्स चिपवर सोपवतो. नव्या ब्राउझरचं जुन्या ड्रायव्हरशी जुळलं नाही, की पडदा काळा. म्हणून आधी खाजगी खिडकीत व्हिडिओ लावून बघा. तिथे चालला तर बहुधा एखादं एक्स्टेन्शन अडवतंय. तिथेही नाही चालला, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा आणि ब्राउझर पुन्हा उघडा. चित्र आलं, तर दुखणं ड्रायव्हरचं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या आणि ती सोय परत चालू करा, कारण ती बंद ठेवली तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एवढं साधं मराठीत सांगायला कुणाची जीभ झिजते?

अडखळण्याची गोष्ट वेगळी. एच.२६४ ही व्हिडिओ दाबण्याची २००३ ची पद्धत जुन्या चिपांनाही येते. २०१८ ला आलेली एव्ही१ मात्र साधारण २०२० नंतरच्या चिपांनाच झेपते. जुन्या मशीनवर ती प्रोसेसरला उलगडावी लागते आणि मशीन धापा टाकतं. व्हिडिओ आणखी लहान होऊन कंपन्यांचा डेटा वाचतो, वीज आणि मनस्ताप आपला.

सगळ्यात जास्त झळ बसते ती गावच्या शाळांना. लोकवर्गणीतून, देणगीतून आलेली जुनी मशीनं तिथे वर्षानुवर्षं चालवली जातात. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८.१ सोडून दिले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट मशीन अशा एका घोषणेने म्हातारं ठरतं. त्यावर ‘अपडेटच बंद करून टाका’ सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचंही ऐकू नका. सुरक्षेची भोकं बुजतात ती अपडेटनेच. विंडोज ७ वाल्यांसाठी फायरफॉक्सने ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती चालू ठेवली. म्हणजे मनात आणलं तर जुन्या मशीनला सांभाळता येतं. बाकीच्यांनी ते मनात आणलं नाही, इतकंच.

सरकारलाही सोडणार नाही. पाठ्यपुस्तकात ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलचे क्यूआर कोड छापले, डिजिटल शाळांच्या फिती कापल्या, पण मशीन अडलं तर बघणार कोण? गणिताचा तास सोडून सरांनी ड्रायव्हर शोधत बसायचं? तालुक्याला निदान एक पगारी तंत्रज्ञ द्या. शाळांसाठी केलेला प्रत्येक व्हिडिओ एच.२६४ मध्ये ठेवा आणि त्याची फाइल उतरवून घेता येऊ द्या, म्हणजे ब्राउझर बिघडला तरी व्हीएलसी प्लेअरमध्ये धडा दिसेल.