निवडुंगाला उन्हाची नाही, पावसाची भीती



गेल्या आठवड्यात भावकीतला एक पुतण्या घरी आला. डाळिंबाची बाग मर रोगानं गेली, काढून टाकली. आता म्हणतोय २० गुंठ्यांत पॉलिहाऊस टाकायचं आणि आत निवडुंग आणि सक्युलंट लावायचे. कोणीतरी गाठ पडलाय, रोपं तोच देणार आणि वाढवलेला माल तोच परत घेणार. घरातलं सोनं ठेवून कर्ज काढायची तयारी झालेली. मी म्हणलं, त्यातलं काय माहीत आहे तुला? तर म्हणतो, "अप्पा, निवडुंगच हाय, त्याला काय लागतंय? पाणी नको, खत नको, फवारणी नको."

मी काही बोललो नाही. त्याला घराच्या मागं नेलं आणि शेडच्या कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या दाखवल्या. १४० कुंड्या आहेत. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच पावसाळ्यात त्यातली झाडं सडून गेली. २१० आणली होती, ७० राहिली. तीही माझ्या हुशारीनं नाही, जागा पुरली नाही म्हणून बाहेर पत्र्याच्या पडवीत ठेवली होती, म्हणून वाचली.

हे पान वाचणारे बरेच जण सांगोला, आटपाडी, जत, माण या पट्ट्यातले आहेत. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय, की आपला भाग दुष्काळी, निवडुंग दुष्काळी, म्हणजे जोडी जमली. ही जोडी अर्धीच जमते. आपल्याकडं पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, हे खरं. पण तो येतो कधी? त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीचा, दोन-तीन दणक्यांत. त्यावेळी हवा दमट, रात्री उबदार आणि ऊन गायब. या तीन गोष्टी एकत्र आल्या की निवडुंगाचं मूळ कुजतं. मेच्या ४२ अंशांत माझं एकही झाड मेलं नाही. मेली ती ऑगस्ट ते ऑक्टोबर.

माझी चूक काय झाली ते सांगतो, कारण ती प्रत्येक जण करतो. हरितगृह म्हटलं की चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिक, असं मी धरून चाललो. १० बाय १२ फुटांचं शेड केलं, वरून खालपर्यंत कागद गुंडाळला. उन्हाळ्यात आतला पारा ५० च्या वर जायचा आणि पावसाळ्यात आतून कागदाला घाम सुटायचा, तो थेंब थेंब झाडाच्या शेंड्यावर पडायचा. बंद काचघर हे थंड देशातल्या लोकांची गरज आहे. त्यांना बर्फापासून झाड वाचवायचं असतं. आपल्याला झाड पावसापासून वाचवायचंय. आपल्याला हवं ते नुसतं छप्पर.

आता माझ्याकडं वर २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद आहे, चांगला उतार देऊन, त्याच्या वर हातभर अंतर सोडून ५० टक्के शेडनेट. चारी बाजू उघड्या. फक्त पश्चिमेकडून पाऊस झोडपतो म्हणून तिकडं गुंडाळता येणारा पडदा. कुंड्या जमिनीवर नाहीत, कमरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या मांडवावर, म्हणजे खालूनही वारा खेळतो. खर्च पहिल्यापेक्षा कमी आला.

दुसरी चूक माध्यमाची. नर्सरीतून झाड येतं ते कोकोपीटमध्ये. नर्सरीवाल्याला ते परवडतं, हलकं असतं, गाडीत जास्त कुंड्या बसतात आणि तिथं त्याचं पाणी मोजून दिलेलं असतं. आपल्याकडं आलं की दोन दिवसांत ते वरून कोरडं पडतं, आपण पाणी घालतो, आतला गोळा मात्र ओलाच. उलट पूर्ण वाळलं तर पाणी शोषतच नाही, कडेनं वाहून जातं. काही कृषी सल्लागार मित्र यावर माझ्याशी वाद घालतात. त्यांच्या ठिकाणी ते बरोबर असतील, ठिबकला टायमर लावणाऱ्याला कोकोपीट चालतं. डबड्यानं पाणी घालणाऱ्याला नाही. मी झाड आणलं की मुळाभोवतीचं कोकोपीट हातानं झाडून काढतो, मुळं चार दिवस सावलीत सुकवतो, मग लावतो आणि आठवडाभर पाण्याचं नाव घेत नाही.

आपली काळी माती तर विसराच. ती पाणी धरते, सुकली की आवळते. माझं मिश्रण असं: चाळलेला मुरूम दोन पाट्या, विटांचा जाडसर चुरा एक पाटी, जाड वाळू एक पाटी आणि पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत झालेलं शेणखत एक पाटी. मुरमातली बारीक पूड चाळून टाकायचीच, नाहीतर तीच खाली बसून सिमेंटसारखी होते. पाणी ओतलं की पाच-दहा सेकंदांत खालून निघालं पाहिजे. ही परीक्षा.

आता पाण्याचं. हे डाळिंबवाल्यांना मी एका शब्दात सांगतो आणि त्यांना लगेच कळतं: ताण. बहार धरताना आपण पाणी तोडतो, पानगळ होऊ देतो, मग पाणी सोडलं की कळी निघते. निवडुंगाचंही तसंच आहे. डिसेंबर-जानेवारीत मी महिन्यातून एखाद्या वेळी घोटभर पाणी देतो. झाड सुरकुततं, आक्रसतं, बघवत नाही. आमच्या घरच्यांना दया येते, त्या माझ्या मागं गुपचूप पाणी घालतात, हा वेगळा विषय. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पहिलं भरपूर पाणी दिलं की मॅमिलेरियाला टोपीसारखी फुलांची रांग येते. ज्या वर्षी हिवाळ्यात ताण दिला नाही, त्या वर्षी झाड नुसतं लांब झालं, फुलं नाहीत.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपली बहुतेक पिकं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवा घेतात. निवडुंग, घायपात, अननस ही मंडळी रात्री उघडतात, हवेतला कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दार बंद करून उन्हात त्याचं अन्न करतात. पाणी वाचवायची ही त्यांची युक्ती. पण त्याला रात्र थंड लागते. रात्र जितकी गरम, तितकं दार कमी उघडतं. म्हणून कडक उन्हाळ्यात बरीच झाडं थांबून बसतात आणि तेव्हा "ऊन फार आहे" म्हणून रोज घातलेलं पाणी प्यायला कोणी नसतं. ते कुंडीत तापतं आणि मूळ शिजवतं. मेमध्ये मी दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही सूर्य मावळल्यावर देतो. पावसाळ्यात वार बघून पाणी देत नाही, अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसतो, कोरडी निघाली तरच देतो.

आणि बोअरचं पाणी नको. आपल्या बोअरच्या पाण्याची क्षारता तुम्हाला मी सांगायला नको, ड्रीपर बघा. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, मातीचा सामू चढतो, झाड पिवळं पडतं आणि आपण खत घालत बसतो. १० बाय १२ च्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी होतं. वाया गेलेलं धरून चार-साडेचार हजार हाती लागतं. मी दोन टाक्या पन्हाळीखाली ठेवल्यात. ज्या पावसापासून झाड लपवायचं, तोच पाऊस टाकीत धरून वर्षभर त्याला पाजायचा.

कोणती झाडं? आपल्याकडं मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम, फेरोकॅक्टस, अॅस्ट्रोफायटम छपराखाली निवांत राहतात. अडेनियमला तर आपलं ऊन मानवतं. हॉवर्थियाला सावली द्या. पण फोटोत दिसणारी ती गुलाबाच्या फुलासारखी निळसर-गुलाबी इचेव्हेरिया, तिच्या नादाला सांगोल्यात लागू नका. ती मेक्सिकोच्या उंच, थंड रात्रींच्या डोंगरांतली. आपल्या दमट उबदार रात्रीत ती आधी रंग सोडते, मग मधून काळी पडते. मेलेल्या १४० मध्ये सगळ्यात जास्त तीच होती. आणि पुतण्याला तो माणूस देणार होता त्या यादीत पहिलं नाव तिचंच.

कीड नाही म्हणणाऱ्यानं एकदा कुंडी उलटी करून बघावं. पिठ्या ढेकूण मुळांवर कापसासारखा बसलेला असतो, वरून काही दिसत नाही, झाड फक्त वाढायचं थांबतं. लाल कोळी शेंड्याला तपकिरी गंज आणतो, तो डाग परत हिरवा होत नाही. पिठ्या ढेकूण दिसला की कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसतो आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त करतो. सड दिसली तर औषध ओतत बसत नाही. स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं कापत जातो, आतला गर पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत. मग आठ-दहा दिवस सावलीत सुकवून पुन्हा मुळं फोडायला ठेवतो.

आपल्या गावात एक गोष्ट मात्र फुकट उपलब्ध आहे, तिकडं कोणी बघत नाही. ड्रॅगन फ्रूटवाले हंगाम संपला की छाटणीच्या फांद्या बांधावर फेकतात. बाजारात मिळणारा लाल-पिवळ्या गोळ्याचा निवडुंग ज्या हिरव्या तिधारी दांड्यावर बसवलेला असतो, तो दांडा म्हणजे हेच. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्याला स्वतःचं पोट स्वतः भरता येत नाही, तो खुंटावर जगतो आणि काही वर्षांत दमतो. गिऱ्हाईकाला हे कोणी सांगत नाही. पण आंब्याचं कलम बांधता येणाऱ्या माणसाला हे कलम दोन दिवसांत जमतं. खुंट सपाट कापायचा, गोळा सपाट कापायचा, मधली गोल रिंग रिंगेवर येईल असं बसवायचं, रबर लावायचा, सावलीत ठेवायचं. हळू वाढणारी जातसुद्धा खुंटावर भराभर वाढते. हे काम २० गुंठ्यांचं नाही, पडवीतलं आहे.

एक रागाची गोष्ट मध्येच सांगून घेतो. काही हौशी लोक किल्ल्यांवरून, डोंगरकड्यांवरून रानातली झाडं उपटून आणतात आणि विकतातही. शिंदळ माकुडी आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांशिवाय जगात कुठं रानात उगवत नाही. शिवनेरीच्या कड्यावर आहे. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून दिलेलं. तिची कांडी मातीत खोचली तर लागते. ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून कांडी मागून घ्या. कड्यावरून उपटणाऱ्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी.

जुनी माणसं मला विचारतात, आमच्या बापजाद्यांनी निवडुंग काढता काढता हात फोडून घेतले आणि तू कुंडीत लावतोस? बरोबर आहे त्यांचं. फड्या निवडुंग अमेरिकेतून आला आणि देशभर माजला. तो आटोक्यात आला तो कोयत्यानं नाही, किड्यानं. १७९५ साली लाल रंगासाठी म्हणून आणलेला एक किडा भलत्याच जातीचा निघाला आणि त्यानं फड्याची एक जात संपवत आणली. मग १९२६ च्या सुमारास सिलोनहून दुसरा आणला, त्यानं दुसरी जात आवरली. तो किडा पिठ्या ढेकणाचाच भाऊबंद. आता काटे नसलेला निवडुंग चारा म्हणून लावायला बाएफसारख्या संस्था सांगतायत, तो विषय चांगला आहे. मात्र त्यात बहुतेक पाणीच असतं, कडब्याबरोबरच द्यावा लागतो.

पुतण्याकडं परत येतो. त्याला म्हणलं, कागद दाखव. करारात लिहिलंय, माल "योग्य दर्जाचा असल्यास" परत घेऊ. दर्जा म्हणजे किती सेंटिमीटर, कोण मोजणार, किती दिवसांत उचलणार, काही नाही. रोपांचे पैसे मात्र आगाऊ, पूर्ण. मी विचारलं, हा माणूस गेल्या वर्षी ज्यांच्याकडून माल परत घेतला त्यातल्या दोघांचे पत्ते देतो का? पुतण्यानं तिथंच फोन लावला. "बघून सांगतो" म्हणाला. आज आठ दिवस झाले.

मी काही या धंद्याच्या विरोधात नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या नर्सरीवाल्यांचं चालतं, त्यांचं गिऱ्हाईक दारात येतं. आपल्याला माल तिथं न्यायचा, तुटफूट सोसायची आणि एखादा गोळा विकायच्या आकाराचा व्हायला दोन-तीन वर्षं थांबायचं. कर्जाचा हप्ता तीन वर्षं थांबत नाही.

शेवटी पुतण्या माझ्याकडून १२ कुंड्या घेऊन गेला. सहा जिम्नोकॅलिशियम, पाच मॅमिलेरिया आणि त्यानं हट्ट केला म्हणून एक इचेव्हेरिया. पडवीच्या कडेला ठेवायच्या, कागदाचं छप्पर करायचं आणि हस्ताचा पाऊस काढून दाखवायचा, असं ठरलंय. तोपर्यंत सोनं कपाटात राहील, असं त्याच्या आईसमोर कबूल करून घेतलंय. दिवाळीच्या आत जाऊन मोजून येतो, किती राहिल्या ते इथंच लिहीन.