कल्याणचा तट शोधायचा तर सिद्धगडाला या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर गेलो होतो. देवीचे दर्शन झाले, खाडी पाहिली, फोटो काढून झाले. पंधरा-वीस मिनिटांत थोरला नातू म्हणाला, ‘‘आजोबा, संपलं? कल्याणला एवढंच बघायचं?’’

मला पटकन उत्तर सुचले नाही. मी एस.टी.त २८ वर्षे कंडक्टर होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे कल्याण-मुरबाड मार्गावर काढली. ज्या शहरातून हजारो वेळा डबल बेल देऊन गाडी सोडली, त्या शहरात नातवाला काय दाखवावे हे मला सांगता येऊ नये, याची खंत वाटली. घरी आलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर मला आता सापडले आहे आणि ते त्याच्याप्रमाणेच दुर्गाडीवरून वीस मिनिटांत परतणाऱ्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते.

कल्याण हे बंदर होते, हे लोकलच्या गर्दीतून उतरणाऱ्या माणसाला आज मुद्दाम सांगावे लागते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे जे टिपण लिहिले, त्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचे नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. सतराव्या शतकात मोगल अमलात या शहराभोवती दगडी तट उभा राहिला. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजे याच खाडीत बांधली गेली. पुढे इंग्रज अमलात दुर्गाडीच्या तटाचे दगड कल्याण-ठाण्याच्या धक्क्यांच्या बांधकामाला नेले गेले. शहराची भिंत गेली, वेशी गेल्या, त्यांची नावे तेवढी उरली. वसईचे नशीब वेगळे. पोर्तुगीजांचा तो कोट १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, तरी तट अजून उभा आहे, त्यावरून चालता येते. कल्याणला तसे चालायला काही उरलेले नाही. म्हणून पोराला वाटले, संपले.

पण बंदर कधी एकटे जगत नाही. जहाजात भरायचा माल कुठून तरी यावा लागतो आणि उतरलेला माल कुठे तरी जावा लागतो. कल्याणचा माल नाणेघाटाने वर जुन्नरला जाई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटमाथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या वाटेवर राखण करायला डोंगर होतेच. गोरखगड, मच्छिंद्रगड आणि आहुपे घाटाच्या शेजारचा आमचा सिद्धगड. शहराभोवतीचा दगडी तट तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या कितीतरी आधीपासून कल्याणचा खरा तट सह्याद्री होता. तो कोणी धक्क्याला नेऊ शकले नाही.

हे मला पुस्तकाआधी गाडीने शिकवले. मे महिन्यात पहाटेच्या गाडीला म्हसा गावाकडच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन चढत. पहिला पाऊस पडला की शेवळाच्या जुड्या येत. त्यांचा ओला, रानटी वास रायत्याच्या पुलापर्यंत गाडीत भरून राही. दुधाच्या किटल्या, जांभळे, पौषात म्हशाच्या यात्रेतून घेतलेली घोंगडी, सगळे खाली कल्याणला जाई. संध्याकाळी त्याच पाट्यांत मीठ, तेल, साबण आणि पोरांच्या वह्या घालून बाया वर येत. मी तिकीट फाडत होतो, सामानाचे पैसे घेत होतो. दोन हजार वर्षांपूर्वी घाटात रांजणाजवळ बसणारा माणूस काही फार वेगळे काम करत नसावा. १८५४ साली रेल्वे कल्याणला आली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत बोरघाट आणि थळघाटातून वर चढली. व्यापार रुळांवर गेला आणि मुरबाड बाजूला पडले. रुळांनी आम्हाला टाळले, पण डोंगर आणि खाडी यांचे नाते तुटले नाही.

ते नाते ज्याने सगळ्यात खोल ओळखले, तो माणूस सिद्धगडाच्या रानात पडला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आम्हा सगळ्यांचे भाई कोतवाल. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. नाभिक समाजातल्या गरीब घरातला हा मुलगा वकील झाला, पण वकिलीपेक्षा त्याचा जीव कातकरी-ठाकरांच्या वाड्यांत रमला. या लोकांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून भाईंनी धान्यकोठी काढली, रानात शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. दस्त्याने विजेचे मनोरे कापले. मुंबईच्या गिरण्या आणि गाड्या ज्या विजेवर चालत, ती डोंगरातल्या पाण्यावर तयार होऊन आमच्याच रानातून जात होती. बंदराचा जीव डोंगरात आहे, हे भाईंना पक्के ठाऊक होते.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात गाठले. हिराजी पाटील गोळी लागून पडले आणि जखमी भाईंवर हॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गोळी झाडली. भाईंना तिसावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते.

दर वर्षी १ जानेवारीच्या रात्री मुरबाडच्या स्टँडवर वेगळीच माणसे दिसत. कानटोपी, घोंगडी, हातात मशाल. एका वर्षी एक म्हातारी आजी चढली. तिच्याकडे पैसे मोजून होते, तिकीट घेताना म्हणाली, ‘‘मास्तर, भाईंकडे चाललेय. माझ्या बापाला त्यांच्या कोठीतलं भात मिळालं होतं.’’ पुढचा तासभर ती काही बोलली नाही. पहाटे सिद्धगडाखालच्या भाईंच्या स्मारकापाशी अंधारात माणसे उभी राहिली, मशाली पेटल्या, घोषणा झाल्या आणि मग सगळे गप्प झाले. थंडीने हातपाय कापत होते. त्या शांततेत फक्त मशालींचा आवाज येत होता. नोकरीत असताना मी तीन वेळा गेलो, निवृत्तीनंतर एकही वर्ष चुकवलेले नाही.

त्याच रात्री मात्र दुसरी माणसेही येतात, हे लिहिताना मला त्रास होतो. ३१ डिसेंबरला तंबू ठोकून ‘सेलिब्रेशन’ करणारे टोळके दुसऱ्या दिवशीही उठलेले नसते. स्पीकर, बाटल्या, ओढ्याच्या काठी चिप्सच्या पाकिटांचा थर. एकदा स्मारकाकडून परतताना मी एका मुलाला विचारले, ‘‘बाबा, इथे काय झालं होतं माहीत आहे का?’’ तो चांगल्या घरचा, शिकलेला मुलगा होता. ‘‘नाही हो काका, आम्ही नेटवर लोकेशन बघून आलो,’’ म्हणाला. त्याने मान खाली घातली. माझा राग त्याच्यावर नाही. कल्याणहून गडाच्या पायथ्याच्या बोरवाडीपर्यंत साठेक किलोमीटर तो आला, पण वाटेत कोणीच त्याला काही सांगितले नव्हते.

सांगण्यासारखे किती आहे! सिद्धगड किल्ला जवळजवळ एक हजार मीटर उंच. म्हशामार्गे जांभुर्ड्याच्या बाजूने बोरवाडीला यायचे, तिथून चढून माचीवर. माचीवर दरवाजा आहे, नारमातेचे देऊळ आहे. तिथून बालेकिल्ल्याची चढण अंगावर येते. मध्ये गुहा आहे, तिथे घडीभर टेकता येते. वरून शेजारचा दमदम्या, गोरख-मच्छिंद्रची जोडी, आणि हवा स्वच्छ असली तर माथेरानचे पठार दिसते, भाईंचे जन्मगाव. सारे रान भीमाशंकर अभयारण्यातले, शेकरूचे. या डोंगररांगांत पडणारा पाऊस बारवी, काळू आणि उल्हास अशा वाटांनी कल्याणच्या खाडीत जातो, दुर्गाडीखालून वाहतो आणि शेवटी वसईच्या कोटाशी समुद्राला मिळतो. नातवाला दुर्गाडीवरून जे पाणी दिसले, त्यात आमच्या डोंगरांचे पाणी होते. हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवे होते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कल्याण, नाणेघाट आणि सिद्धगड ही तीन वेगळी ठिकाणे म्हणून दाखवणे बंद करा. ही एकच सफर आहे. दुर्गाडीच्या दारात एक मोठा नकाशा लावावा. खाडीपासून घाटापर्यंतची वाट, शेजारी हजारो वर्षांची गोष्ट, आणि शेवटी सिद्धगडाचे स्मारक. सुट्टीच्या दिवशी सकाळी कल्याणहून एक गाडी थेट गडाच्या पायथ्याकडे जावी आणि संध्याकाळी तीच परत यावी. मी या मार्गावर आयुष्य काढले आहे, प्रवासी मिळतील हे खात्रीने सांगतो. पायथ्याच्या वाड्यांतली मुले पोटासाठी वीटभट्टीवर आणि कल्याण-भिवंडीच्या गोदामांत जातात. त्यांतल्या काहींना वाटाड्याचे रीतसर शिक्षण मिळावे, ठरलेला दर मिळावा. जेवण त्यांच्याच घरी असावे, नाचणीची भाकरी, वरईचा भात, हंगामात शेवळाची भाजी. पैसा गावात राहील, आणि पोरगा पाहुण्याला माची दाखवताना स्वतःही तिची गोष्ट नीट शिकेल.

आणि १ व २ जानेवारीला स्मारकाच्या आसपास तंबू, स्पीकर आणि दारू यांना पूर्ण बंदी असावी. यावर मी तडजोड करणार नाही. काही जण म्हणतील, तरुणांना अडवू नका, ते येतात हेच खूप. मला ते पटते, ते यावेतच. पण एखाद्याच्या मृत्यूच्या जागी येणाऱ्याला ती जागा कोणती हे कळले पाहिजे, एवढी मागणी अवाजवी नाही. त्या दोन रात्री सोडल्या तर वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस उरतात.

आणखी एक मोठी गोष्ट. शहराला डोंगरातून हवे ते मिळत आले: लाकूड, धान्य, दूध, वीज, पाणी. शेजारच्या शहापूर तालुक्यातली तानसा आणि भातसाची धरणे मुंबईची तहान भागवतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पर्यटकही शहरातूनच येतो. तो फक्त धबधबे आणि काजवे बघून जाणार असेल, तर त्याची ये-जा या एकतर्फी हिशोबातच जमा होईल. तो डोंगराची गोष्ट ऐकून, इथल्या माणसाच्या हातचे जेवून, त्याला त्याचे मोल देऊन गेला, तर हिशोब थोडा तरी जुळेल. कोतवालांनी धान्यकोठी काढली, तेव्हा त्यांनाही असाच काही हिशोब जुळवायचा होता, असे मला वाटते.

नातवाला मी फोन करून सांगितले आहे की कल्याण संपलेले नाही, उरलेले मी दाखवीन. येत्या १ जानेवारीला तो येणार आहे. आम्ही दुपारी दुर्गाडीवर जाऊ, खाडीतले पाणी पाहू, मग मुरबाडची गाडी पकडू. रायत्याच्या पुलावर उल्हास ओलांडताना मी त्याला नदी दाखवीन. पहाटे स्मारकापाशी त्याच्या हातात मशाल देईन आणि तो विचारील त्याचे उत्तर देईन. कोणाला सोबत यायचे असेल, तर रात्री मुरबाडच्या स्टँडवर या. घोंगडे घेऊन या, रानात थंडी फार असते.