घड्याळ वेग मोजते, खेळाडू नव्हे

अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघ आपापल्या क्रमाने नवे खेळाडू निवडतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तत्पूर्वी इंडियानापोलिस येथे इच्छुकांची शारीरिक चाचणी होते. तीत सर्वाधिक गाजते ती ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव. चेंडू घेऊन बचावफळी भेदणाऱ्या ‘रनिंग बॅक’साठी सेकंदाचा दहावा भागही निवडीचा क्रम, आणि पर्यायाने कराराची रक्कम, बदलू शकतो.

या एकाच आकड्यावर एवढी भिस्त ठेवणे विज्ञानाला धरून नाही. २०१४ मध्ये ड्री आर्चर ४.२६ सेकंदांत धावला. तिसऱ्या फेरीत निवडही झाली, पण कारकीर्द बहरली नाही. २०१६ मध्ये डेरिक हेन्रीला ४.५४ सेकंद लागले. २०२० च्या हंगामात त्याने २,०२७ यार्डांची मजल मारली. यामागचे एक कारण शालेय भौतिकशास्त्रातच सापडते: संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आर्चर सुमारे ७८ किलोंचा, हेन्री ११२ किलोंचा. सरासरी वेग धरला, तर ‘मंद’ हेन्रीचा संवेग जवळजवळ एक तृतीयांशाने अधिक भरतो.

वेग निरर्थक नव्हेच. ४.२४ सेकंदांत धावलेल्या ख्रिस जॉन्सनने २००९ मध्ये २,००६ यार्ड गाठले. परंतु ही धाव सरळ रेषेतली, कोणी अडवत नसतानाची असते. मैदानावर वाट शोधावी लागते, दिशा बदलावी लागते, धडक सोसावी लागते. जे सहज मोजता येते तेच निर्णायक मानणे ही मापनाची चूक नव्हे, विचाराची आहे. आणि तिची किंमत मात्र धावणारा तरुण मोजतो.