पायी या, सायकल नको!

ऑस्ट्रियातलं वाल्डफिर्टेल म्हणजे ग्रॅनाइटचा मुलूख. जंगलात हे भलेमोठे गोल धोंडे. तिथून काम्प नदी उतरते ती लांगेनलोइसच्या द्राक्षमळ्यांकडे. माउंटन बाइकवाल्याला अजून काय हवं?

पण आडवा येतो १९७५चा वनकायदा. जंगलात पायी कुणीही हिंडा, सायकलला मात्र मालकाची परवानगी! म्हणून आखून दिलेल्या रूटवरच फिरायचं. अरुंद पायवाटांचं एक वेळ समजू शकतो, वळणावर चालणाऱ्यांच्या अंगावर कोण जाणार (आपणच आपटू!). पण ज्या रुंद रस्त्यांवरून लाकडाचे ट्रक जातात, तिथे माझे दोन टायर काय नासधूस करणार? शेजारच्या बव्हेरियात योग्य वाटांवर सायकल चालते. मग इथे निदान हे ट्रकचे रस्ते तरी मोकळे करा की राव!